चर्चच्या भिंतीवरची डुकरीण: उतरवायची, झाकायची की ठेवायची?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही मूळचे नगरचे, सध्या पूर्व जर्मनीतल्या एका छोट्या गावात राहता आणि तिथल्या प्रॉटेस्टंट मंडळीच्या चर्च कमिटीवर निवडून आला आहात. चर्चच्या छपराची दुरुस्ती निघाली आहे, परांची बांधायची आहे, आणि छपराखाली एका कोपऱ्यात डुकरिणीचं दूध पिणाऱ्या ज्यूंचं जुनं दगडी शिल्प आहे. कमिटीत तीन तट पडलेत. एक म्हणतो, परांची लागलीच आहे तर गुपचूप उतरवून टाकू. दुसरा म्हणतो, शेकडो वर्षं आहे, इतिहासाला हात लावू नका. तिसरा म्हणतो, खाली एक पाटी लावू आणि विषय संपवू. तुम्हाला विचारायचंय की बरोबर कोण, आणि बाहेरून आलेल्या माणसाने यात तोंड उघडावं का.

मी दगडी शिल्पांच्या जतनाचं काम करते, बहुतेक चर्चच्या इमारतींवर, आणि या जातीचं शिल्पही हाताखालून गेलेलं आहे. त्यामुळे आधी एक कबूल करते: तुमचं शिल्प मी पाहिलेलं नाही. ते किती उंचीवर आहे, रस्त्यावरून दिसतं का, दगड किती झिजलाय, भिंतीत किती खोल गेलाय, यावर निम्मं उत्तर अवलंबून आहे. उरलेलं निम्मं मात्र दगडावर अवलंबून नाही, आणि तुमची कमिटी तिथेच गोंधळली आहे असं मला वाटतं. तिन्ही तट दगडाचं काय करायचं यावर भांडतायत. मला त्याआधी हे विचारावंसं वाटतं की तो दगड आजही कोणाला काय ऐकवतोय, आणि तुमची मंडळी त्याला तेवढ्याच मोठ्या आवाजात काय उत्तर देतेय.

हे शिल्प म्हणजे गावच्या एखाद्या गवंड्याने केलेली चेष्टा नव्हे. जर्मन भाषेत या प्रकाराला ‘युडेनझाऊ’ म्हणतात. तेराव्या शतकापासून जर्मनी आणि आसपासच्या प्रदेशातल्या चर्चवर तो दिसू लागतो. ब्रांडेनबुर्गच्या कॅथेड्रलमधला नमुना साधारण 1230 चा, सर्वांत जुन्यांपैकी एक. कोलोनच्या कॅथेड्रलमध्ये तो गायकवृंदाच्या लाकडी आसनांवर कोरलाय. रेगेन्सबुर्गला कॅथेड्रलच्या दक्षिण बाजूला आहे, जिकडे त्या काळी ज्यूंची वस्ती होती त्या दिशेला तोंड करून. पार स्वीडनमध्ये उप्सालालाही आहे. डुक्कर ज्यूंना निषिद्ध, म्हणून नेमकी डुकरीण निवडली. 1215 च्या लॅटरन परिषदेने, म्हणजे रोममध्ये भरलेल्या चर्चच्या मोठ्या सभेने, ज्यूंनी वेगळा पोशाख घालावा असा ठराव केला होता. टोकदार टोपी ही त्या काळच्या चित्रा-शिल्पांत ज्यूंची ओळख, म्हणून शिल्पातल्या माणसांच्या डोक्यावर त्या टोप्या. ज्याला वाचता येत नाही त्यालाही लांबून कळावं की ही चेष्टा कोणाची चाललीय. कारागिराचं कौशल्य त्यासाठी खर्ची पडलंय, हे विसरून चालत नाही.

पूर्व जर्मनीतल्याच विटेनबर्ग शहराचं उदाहरण सविस्तर सांगते, कारण तुमच्या कमिटीतले तिन्ही मुद्दे तिथे तावूनसुलाखून निघालेत. तिथल्या सेंट मेरीज चर्चच्या आग्नेय कोपऱ्यावर, जमिनीपासून सुमारे चार मीटर उंचीवर वालुकाश्माचं एक शिल्प आहे, साधारण 1290 च्या सुमाराचं. एक डुकरीण उभी आहे, तिच्या आचळांना दोन टोपीवाले लागलेत, आणि तिसरा टोपीवाला मागून तिची शेपटी उचलून आत डोकावतोय. याच चर्चमध्ये प्रॉटेस्टंट पंथाचा प्रवर्तक मार्टिन लूथर प्रवचनं करायचा. 1543 मध्ये त्याने ज्यूंच्या विरोधात ज्या जळजळीत पुस्तिका लिहिल्या, त्यांतल्या एकीत त्याने या शिल्पाचा हवाला देऊन ज्यूंची टिंगल केली. 1570 मध्ये त्या पुस्तिकेवरून उचललेली अक्षरं डुकरिणीच्या वरच्या बाजूला कोरली गेली: ‘राबिनी शेम हाम्फोरास’. ‘शेम हमफोराश’ हे ज्यूंच्या लेखी देवाचं इतकं पवित्र नाव की ते उच्चारतसुद्धा नाहीत. ते डुकरिणीच्या माथ्यावर.

‘इतिहासाला हात लावू नका’ म्हणणाऱ्यांना मी नेहमी ही 1570 ची गोष्ट सांगते. शिल्प घडवून पावणेतीनशे वर्षं झाल्यावर चर्चच्याच माणसांनी त्याला हात लावला, आणि लावला तो अपमान जास्त धारदार करायला. अभ्यासक तर असंही मानतात की मूळ जागा उत्तरेच्या भिंतीवर होती आणि आत्ताच्या कोपऱ्यात ते त्याच सुमारास आणलं गेलं. पुढे 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला चर्चची दुरुस्ती झाली तेव्हा तेही दुरुस्त झालं. म्हणजे ते ‘जसंच्या तसं’ कधीच नव्हतं. प्रत्येक पिढीने ठरवून त्याला ठेवलंय. तुमच्या गावातही चुना, सिमेंट, लोखंडी खुंट्या, काहीतरी नक्की सापडेल. परांचीवर चढल्यावर ते आधी शोधा आणि कमिटीला फोटो दाखवा. अठराव्या, एकोणिसाव्या, विसाव्या शतकातल्या दुरुस्तीच्या खुणा एकाच दगडावर पाहिल्या की ‘आपला यात काही हात नाही’ हे वाक्य बोलणं जड जातं.

विटेनबर्गच्या त्याच दुरुस्तीच्या काळात, म्हणजे पूर्व जर्मनीच्या राजवटीत, मंडळीने विचार करून वेगळा मार्ग घेतला. शिल्प ठेवायचं, पण बरोबर त्याच्या खाली जमिनीत उत्तर द्यायचं. 11 नोव्हेंबर 1988 रोजी, म्हणजे नाझी राजवटीतल्या 1938 च्या ज्यूविरोधी हिंसाचाराला पन्नास वर्षं झाली तेव्हा, मूर्तिकार वीलांड श्मीडेल यांनी घडवलेला ब्राँझचा फलक तिथे बसवला गेला. चार फरश्या काहीतरी दडपू पाहतायत आणि त्यांच्या फटींतून ते उफाळून वर येतंय, असं ते काम आहे. त्या फटींचाच क्रूस होतो. कडेने अक्षरं आहेत: देवाचं खरं नाव, जे ज्यूंनी पवित्र मानलं आणि ज्याची विटंबना झाली, ते साठ लाख ज्यूंमध्ये मेलं, एका क्रूसाच्या चिन्हाखाली. सोबत हिब्रूमध्ये स्तोत्र 130 ची सुरुवात, खोल गर्तेतून परमेश्वराला हाक मारणारी. जवळ एक देवदाराचं झाड लावलं.

हे काम मला मनापासून आवडतं. चर्चने क्रूसालाच साक्षीला उभं करणं सोपं नाही, आणि 1988 मध्ये, तिथे, तर नाहीच. तरीही एक अडचण राहते. फलक पायाखाली आहे आणि शिल्प डोक्यावर. शिल्प एका नजरेत कळतं, फलक वाचायला थांबावं लागतं, जर्मन यावं लागतं, पाऊस नसावा लागतो. पर्यटकांचा घोळका वर बोट दाखवून हसतो आणि त्याच फलकावर उभा राहतो, हे मी पाहिलंय. अपमान आणि उत्तर समान उंचीवर नसले की उत्तर तळटीप होऊन बसतं.

ज्यू समाजाचे सदस्य असलेल्या एका गृहस्थांनी हे शिल्प उतरवावं म्हणून दावा लावला. 2019 मध्ये देसाऊच्या न्यायालयात ते हरले, 2020 मध्ये नाउमबुर्गला हरले, आणि 14 जून 2022 रोजी जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयातही हरले. तुमच्या कमिटीत कोणीतरी हा निकाल फडकवणारच, म्हणून त्यात नेमकं काय आहे ते सांगते. न्यायालयाने शिल्प निरुपद्रवी आहे असं म्हटलेलं नाही. उलट, एकटं पाहिलं तर ते ज्यूंचा घोर अपमान करतं असं स्पष्ट म्हटलंय. 1988 चा फलक आणि माहितीचा स्टँड यांमुळे लाजेच्या खुणेचं रूपांतर इशारा देणाऱ्या स्मारकात झालं, म्हणून उतरवण्याची सक्ती करता येणार नाही, एवढंच. याचा अर्थ, ज्या चर्चने आजवर काहीच केलेलं नाही त्याला या निकालाचा आडोसा घेता येत नाही. तुमच्याकडे पाटीसुद्धा नाही, हे लक्षात घ्या.

कथा तिथे संपली नाही. निकालानंतर महिनाभराने मंडळीनेच नेमलेल्या तज्ज्ञांच्या गटाने शिफारस केली की शिल्प उतरवून चर्चजवळच संदर्भासह मांडावं. ऑक्टोबरमध्ये चर्च कमिटीने ती न मानता शिल्प जागेवर ठेवायचं ठरवलं. दोन्हीकडची माणसं प्रामाणिक होती असं मी मानते. ठेवा म्हणणाऱ्यांची भीती खरी आहे: लूथरच्या चर्चची भिंत एकदा स्वच्छ झाली की तिथून फिरणाऱ्याला वाटेल, इथे सगळं चांगलंच होतं. पण 9 ऑक्टोबर 2019 रोजी, योम किप्पूर या ज्यूंच्या सर्वांत पवित्र दिवशी, त्याच राज्यातल्या हाले शहरात एक बंदूकधारी सिनॅगॉगच्या, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनामंदिराच्या, दारावर चालून गेला. दार टिकलं म्हणून आतले वाचले, बाहेर दोन जीव गेले. त्या दारामागे बसलेल्या माणसाला ‘आम्ही तुमचा अपमान शिकवणुकीसाठी जपलाय’ हे सांगून पाहा.

माझं मत विचाराल तर असं आहे. इमारतीच्या आत असेल, बघणारा स्वतःहून आत आला असेल, सोबत सांगणारं कोणी असेल, तर शिल्प जागेवर ठेवून झगडता येतं. बाहेरच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून असेल, तर मी मूळ शिल्प उतरवून जवळच आत मांडण्याच्या बाजूने आहे, आणि भिंतीतली खाच उघडी ठेवण्याच्या. खाच भरायची नाही, गिलावा करायचा नाही. रिकामी जागा आणि तिच्याविषयी एक वाक्य, दोन्ही डोळ्यांच्या उंचीवर कळतील अशी. बाड विम्पफेनमध्ये मूळ शिल्प संग्रहालयात नेलं आणि भिंतीवर त्याची नक्कल बसवली. त्यात साधलं काय, ते मला आजतागायत उमगलेलं नाही. दगड वाचला, अपमान नवा कोरा झाला.

आता ‘गुपचूप’ गटाकडे वळते. हे अजिबात करू नका. पहिलं कारण कायद्याचं: वारसा इमारतींचं संरक्षण जर्मनीत राज्यांच्या हातात आहे, आणि नोंद असलेल्या इमारतीवरचा दगड परवानगीशिवाय हलवणं गुन्ह्यात जमा होऊ शकतं. तुमच्याच भागातल्या काल्बे गावचं उदाहरण कमिटीपुढे ठेवा. दुरुस्तीसाठी शिल्प खाली उतरवलं होतं, मंडळीला ते परत चढवायचं नव्हतं, पण वारसा कायद्यापुढे इलाज चालला नाही. 2020 मध्ये ते परत बसवावं लागलं, आणि बसवल्यावर झाकून टाकलं. झाकणं तात्पुरतं ठीक, कायमचं नाही. पोलंडमधल्या सान्दोमिएर्झच्या कॅथेड्रलमध्ये ज्यूंनी ख्रिस्ती मुलांचे बळी दिल्याचं दाखवणारं अठराव्या शतकातलं चित्र काही वर्षं पडद्याआड होतं.  शेवटी 2014 मध्ये पडदा काढून, असं काही घडलेलंच नाही हे सांगणारा फलक लावला.

दुसरं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. रात्रीत नाहीसा झालेला दगड मंडळीला एका अवघड संभाषणातून सोडवतो, आणि ते संभाषण हेच तर खरं काम आहे. प्रवचनात, बायबल वर्गात, कन्फर्मेशनच्या मुलांसमोर तो विषय निघायला हवा. तो निघाला नाही तर दगड गेला काय, राहिला काय, फरक पडत नाही.

पाटीवाल्यांचं. पाटी लावून मोकळं होता येत नाही, पण पाटी लागणार आहेच, मग शिल्प राहो वा जावो, म्हणून मजकुराकडे नीट बघा. रेगेन्सबुर्गच्या कॅथेड्रलवर पूर्वी जो फलक होता त्यात म्हटलं होतं की हे शिल्प त्याच्या काळाच्या संदर्भात पाहावं आणि आजच्या माणसाला ते विचित्र वाटतं. विचित्र! जणू जुन्या काळची पगडी आहे. त्यावर बरीच टीका झाली आणि पुढे मजकूर बदलला. याउलट इंग्लंडमधल्या लिंकनचं कॅथेड्रल बघा. तिथे 1255 मध्ये एका मुलाच्या मृत्यूचा आळ ज्यूंवर आला, अनेकांना फाशी झाली, आणि त्या मुलाची संत म्हणून समाधी झाली. 1955 मध्ये चर्चने तिथे फलक लावला. त्यात लिहिलंय की या कथा रचलेल्या होत्या, त्यांनी कित्येक निरपराध ज्यूंचे प्राण घेतले, ख्रिस्ती जगाला त्या शोभत नाहीत. आणि शेवटी प्रार्थना, की प्रभू, आम्ही जे होतो त्याची क्षमा कर, जे आहोत ते सुधार, जे होऊ त्याला दिशा दे. कर्ता कोण ते त्यात लपलेलं नाही. तुमचा मसुदा तयार झाला की एवढं तपासा: वाक्यांत ‘आम्ही’ आहे का, की सगळं ‘असे प्रकार घडले’ छापाचं आहे.

आणखी एक, जे कमिट्या हमखास विसरतात. सगळी ऊर्जा त्या डुकरिणीवर जाते आणि ज्यांची चेष्टा झाली ती माणसं कुठेच नसतात. रेगेन्सबुर्गच्या ज्यूंना 1519 मध्ये हाकलून दिलं आणि त्यांचं सिनॅगॉग पाडलं. आज त्या जागी चौकात इस्रायली शिल्पकार दानी कारावान यांनी 2005 मध्ये साकारलेला पांढरा आराखडा आहे, पाडलेल्या सिनॅगॉगच्या पायाचा. लोक त्यावर बसतात, मुलं खेळतात. तुमच्या गावात ज्यू कुठल्या घरांत राहायचे, त्यांची दफनभूमी कुठे आहे, शेवटचं कुटुंब कधी आणि कसं गेलं, हे नगरपालिकेच्या दप्तरात बहुधा मिळेल. फलकाला जेवढा खर्च कराल तेवढाच वेळ त्या दप्तरावर घालवा.

ज्यू संघटनेशी बोला, पण आधी बोला, ठराव झाल्यावर सहीसाठी नव्हे. आणि त्यांच्यात एकमत असेल अशी अपेक्षा ठेवू नका. पुरावा म्हणून ठेवा म्हणणारे भेटतील, काढा म्हणणारे भेटतील, ‘हा तुमचा दगड आहे, तुम्हीच ठरवा’ म्हणणारेही भेटतील. हे शेवटचं उत्तर मला सगळ्यांत रास्त वाटतं. अपमान करणाऱ्याने अपमान झालेल्यालाच तोडगा विचारत बसायचं, ही त्यांच्यावर लादलेली आणखी एक वेठ आहे.

आता परांचीवर काय करायचं. शिल्पाला हात लावण्याआधी त्याचे सगळ्या बाजूंनी फोटो आणि जमलं तर त्रिमितीय स्कॅन करून घ्या. उतरवा, ठेवा, काहीही ठरलं तरी हे लागतंच. वालुकाश्म जुना झाला की बोटाला वाळू लागते, आणि पावसापासून आडोसा असलेल्या भागावर काळी कठीण खपली धरते. ती खपली काढताना खालचा नरम दगडही निघून येतो, म्हणून ते काम साध्या गवंड्याकडे देऊ नका. आतली लोखंडी खुंटी गंजून फुगली असेल तर दगड आतून तडकलेला असतो. अशा वेळी ‘दगडाच्याच भल्यासाठी उतरवतोय’ हे कारण वारसा कार्यालयाला पटतं, पण ते खरं असेल तरच द्या. आणि एक गोष्ट करारात लिहून घ्या: झिजलेली नाकं, टोप्या, बोटं नव्याने घडवायची नाहीत. आहे ते पक्कं करायचं, पुढे नाही जायचं. एरवी कुठल्याही शिल्पाबाबत यावर वाद घालता येईल. इथे मात्र हरवलेली शेपटी कोरून देणारा छिन्नीवाला तीच चेष्टा एकविसाव्या शतकात पुन्हा करत असतो.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, बाहेरच्याने बोलावं का. तुम्ही निवडून आलेले सदस्य आहात, त्यामुळे बाहेरचे नाहीच. आपल्या मराठी माणसाला याचा धक्का जरा जास्त बसतो, कारण आपले ज्यू म्हणजे कोकणातले बेने इस्रायल: शनिवारी घाणा बंद ठेवणारे शनिवार तेली, घरात मराठी बोलणारे. त्यांच्याशी शेजारधर्म होता, हे खरंच आहे, आणि कमिटीत सांगायला हरकत नाही. फक्त ‘आमच्याकडे असलं काही नव्हतं’ हा सूर लावू नका. गोव्यात 1560 मध्ये इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं, आणि ज्यू वंशाचा नामांकित वैद्य गार्सिया द ओर्ता मेल्यानंतर, 1580 मध्ये, त्याची हाडं उकरून जाळली गेली. तेव्हा उपदेशकाच्या नव्हे, कमिटीतल्या सहकाऱ्याच्या आवाजात बोला.

पुढच्या बैठकीत मतदान घेऊ नका म्हणून सांगा. त्याऐवजी दोनच ठराव मांडा: वारसा कार्यालयाला आणि प्रांतिक चर्चच्या बांधकाम विभागाला आजच लेखी कळवायचं, आणि परांची लागल्यावर, कंत्राटदाराचं काम सुरू व्हायच्या आत, अख्ख्या कमिटीने हेल्मेट घालून एकदा वर चढायचं. तुमच्या पाळकांनाही न्या. खालून बघून बांधलेली मतं वर गेल्यावर बरीच हलतात. शिल्पाचे जवळून काढलेले फोटो आणि भिंतीतल्या खोलीचं माप मिळालं की मला पाठवा, उतरवणं शक्य आहे का तेवढं मी त्यावरून सांगू शकेन.